शून्य बरोबर एक

परभणीकडचा रामकिसन इंटर सायन्स होऊन थोरल्या बहिणीकडे, सुलूकडे, तारापूरजवळच्या पामला आला, तेव्हा तारापूरच्या वीजप्रकल्पाचं बांधकाम ऐन जोरात होतं. मेहुणे पुंडलिक तिथेच स्टोअरमध्ये होते. त्यांनीच त्याला कामाला चिकटवलं आणि तेवढं ते रोज जेवताना ऐकवत. पुढे ऑपरेटरच्या प्रशिक्षणासाठी परीक्षा निघाली. जागा थोड्याच आहेत असं सगळे म्हणत होते. दोघांनीही नाव दिलं आणि पुंडलिकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

परीक्षेला असलेला होमोजिनियस डिफरन्शियल समीकरणांचा धडा रामकिसनचा कॉलेजात टायफॉइडमध्ये बुडाला होता. सुलूने नवऱ्याची फार मनधरणी केली, तेव्हा ते पाटी घेऊन बसले.

"वायच्या जागी व्ही गुणिले एक्स घालायचं. मग डीवाय बाय डीएक्सच्या जागी नुसता व्ही. संपलं," म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. रामकिसन ओट्यावर गणित मांडून बसला. डावीकडे डीवाय बाय डीएक्स, उजवीकडे एक्स अधिक वाय, भागिले एक्स. वाय बदलल्यावर उजवीकडे एक अधिक व्ही उरलं. डावीकडे दाजींनी सांगितलेला व्ही. दोन्हीकडचा व्ही गेला आणि पाटीवर शून्य बरोबर एक राहिलं.

आपलंच चुकलं असं समजून त्याने तीनदा पुसलं. मग लक्षात आलं, व्ही काही ठरलेला आकडा नाही, एक्सबरोबर तोही बदलतो. गुणाकाराचा नियम लावला, तर डावीकडे व्हीच्या जोडीला एक्स गुणिले डीव्ही बाय डीएक्स यायला हवं. ते घातल्याबरोबर व्ही एकीकडे, एक्स दुसरीकडे झाला, लॉग आला, उत्तर निघालं. ते मूळ समीकरणात घालून पाहिलं. चपखल बसलं.

पाटी घेऊनच तो आत गेला. पुंडलिक जेवत होते.

"दाजी, हे अर्धं पद तुम्ही विसरलात की गाळलंत?"

त्यांनी मान वर केली नाही. "माझं मीठ खाऊन माझ्याच जागेवर डोळा ठेवतोस. तुला शिकवायला मी काय खुळा आहे?"

चुलीपाशी सुलूने तव्यावरची भाकरी उलटली. रामकिसनने ट्रंक उचलली, तेव्हा तिने त्याला अडवलं नाही.

तो बोईसरला मजुरांच्या बराकीत राहिला. परीक्षेत तसलंच गणित आलं आणि त्याने ते सोडवलं. निकाल लागला तेव्हा कळलं की जागा भरपूर होत्या. दोघंही पास झाले होते.

त्या आठवड्यात सुलू डबा घेऊन आली. दाजींनी जेवायला बोलावलंय, म्हणाली.

"अक्का, तू केव्हाही ये. पण त्या घरचं बोलावणं आणू नकोस."

तिने डबा खाली ठेवला. "मग मी कुणाच्या तोंडाकडे बघून तिथं राहायचं, तेही सांग."

आणि ती पामच्या वाटेला लागली.