दाढी चौकापर्यंत, केस नदीपर्यंत

मखमलची खुर्ची फुटपाथवरून हलवावी अशी तक्रार केली ती त्याच्या सख्ख्या सासूने. तीही आधी त्याच्याच घरी बसून, त्याच्याच हातचा चहा पिऊन, त्याला तोंडावर सांगून. ती बाई पाठीमागे काही करणाऱ्यातली नव्हती.

मखमल उताराच्या तळाशी, मोठ्या झाडाखाली लोकांच्या दाढ्या करायचा. त्याच्या आधी तिथे त्याचा बाप करायचा. हात इतका हलका की वस्तरा फिरतोय हे गिऱ्हाइकाच्या गालालाही कळत नसे. लोक अर्धी दाढी होईपर्यंत घोरायला लागत आणि उठल्यावर विचारत, सुरू कधी करणार? म्हणून नाव पडलं मखमल. खरं नाव सांगायचं तर त्याच्या बायकोलाही जरा थांबावं लागे.

त्याची एकच खोड होती. समोर रस्ता दिसल्याशिवाय त्याची जीभ चालायची नाही, आणि जीभ चालल्याशिवाय हात चालायचा नाही. कोण कुणाबरोबर चाललाय, कुणाच्या पिशवीत काय आहे, कुणाची चप्पल नवी आहे, हे सगळं दिसायला हवं. त्यामुळे झाड आणि मागची भिंत यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा असूनही त्याने खुर्ची मांडलेली ती झाडाच्या पुढे, ऐन चालण्याच्या वाटेवर.

सासूबाईंना गल्ली मावशी म्हणायची. मावशींचे गुडघे कामातून गेलेले, पण जीभ आणि मनगटं शाबूत. रोज सकाळी चाकाची खुर्ची स्वतः रेटत त्या बागेत मैत्रिणींकडे जात. जावयाच्या दुकानापाशी आलं की वाट बंद. मग फुटपाथवरून खाली उतरायचं, ट्रकांच्या मधून जायचं, पुन्हा वर चढायचं. मखमलला सांगितलं की तो म्हणायचा, "हो आई, उद्या सरकवतो." हा उद्या काही उजाडेना. शेवटी मावशी नगरपालिकेत गेल्या आणि थेट फुटपाथसाहेबांच्या टेबलासमोर खुर्ची लावून बसल्या.

फुटपाथसाहेब नवे होते. नव्या माणसाला एक खुर्ची हलवून समाधान होत नाही. त्यांनी सगळ्या शहराला नियम करून टाकला: फुटपाथवर काहीही मांडून एका जागी थांबायचं नाही. पाट्या लागल्या. हवालदाराला डोळ्यांत तेल घालून फिरायचा हुकूम झाला.

शहरात दोन तट पडले. एक म्हणे, फुटपाथ चालणाऱ्यांचा. दुसरा म्हणे, ज्याच्यावर कुणी बसलेलं नाही तो फुटपाथ कसला, ती तर आडवी पाडलेली भिंत. पण थांबून वाद घालायची सोय उरली नव्हती. त्यामुळे दोन्ही तट चालत चालत भांडायचे, आणि भांडण रंगात आलं की नदीपर्यंत पोचायचे.

मखमलच्या घरी मात्र रंग उडाला होता. बायकोचं म्हणणं, तिच्या भावाच्या काचेच्या दुकानात कामाला जा. तिथे गार हवा आहे, उसळती खुर्ची आहे. मखमल एक दिवस जाऊन आला. तिथे टीव्ही बोलतो आणि माणसं गप्प बसतात. समोर आरसा, मागे आरसा, जिकडे बघावं तिकडे आपलंच तोंड. संध्याकाळी घरी आला तो मुका होऊन. रात्री जेवताना मीठसुद्धा खुणेने मागितलं. बायको घाबरली. हा माणूस झाडाखालून उठला तर आतून वाळून जाईल, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मखमलने पाटी नीट वाचली. एका जागी थांबायचं नाही. बरं, नाही थांबत.

माळ्यावर सासूबाईंची जुनी चाकाची खुर्ची पडली होती. तिची चाकं काढून त्याने दाढीच्या खुर्चीला बसवली. सोबत ब्रेकही निघाला होता. तो हातात धरून मखमलने विचार केला, थांबायला बंदी आहे तर हा हवा कशाला? आणि ब्रेक परत माळ्यावर टाकला.

मग जे सुरू झालं त्यावर पटलं तर विश्वास ठेवा. डाव्या हाताने खुर्ची ढकलायची, उजव्या हाताने वस्तरा चालवायचा, आणि जीभ तर मोकळीच. आता रस्ता नुसता दिसत नव्हता, अख्खा अंगावर येत होता, त्यामुळे मखमल असा खुलला की एका दाढीत चार लग्नं आणि दोन फारकती सांगून व्हायच्या. गिऱ्हाइकं वाटेवर चढू लागली. मास्तर घरापाशी बसायचे आणि शाळेच्या दारात गुळगुळीत होऊन उतरायचे. "दाढी चौकापर्यंत, केस नदीपर्यंत," मखमल ओरडत जायचा. ज्याला लांब जायचं त्याने केस वाढवायला सुरुवात केली. नंबर लावलेली माणसं पेपर वाचत मागून चालायची. वाटभर पडलेल्या केसांची त्या वर्षी चिमण्यांनी अशी मऊ घरटी बांधली की पिल्लं मोठी झाली तरी उडायला तयार होईनात.

हवालदाराची पंचाईत झाली. मखमल कुठे थांबतोय का हे बघायचं, म्हणजे बरोबर चालायलाच हवं. चालून चालून त्याचं पोट असं उतरलं की पट्ट्याला भोकं पाडायला जागा उरली नाही. त्याच्या बायकोने खूश होऊन मखमलच्या हातात मानाचा नारळ ठेवला.

फक्त मावशी खूश नव्हत्या. पूर्वी जावई एका जागी आडवा यायचा, आता कुठेही आडवा यायचा. त्या पुन्हा नगरपालिकेत गेल्या. साहेब म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो.

साहेब आले ते उताराच्या वरच्या टोकाला. घाईत होते, पुढे मोठ्या साहेबांची बैठक होती आणि दाढी करायची राहून गेली होती. मखमलने हात जोडून विनंती केली की नुसतं बघून काय कळणार, बसून बघा. साहेब बसले. पहिल्या गालावर वस्तरा फिरला आणि त्यांचे डोळे मिटले. एक गाल पुरा होईस्तोवर खुर्ची उताराला लागली होती.

मखमलने डाव्या हाताने खुर्ची मागे ओढली. उतार आणि साहेब दोन्ही जड होते. खुर्ची निसटली.

साहेब जागे झाले ते वाऱ्याने. गळ्याभोवतीचं कापड पंखासारखं फडफडत होतं, एका गालावर फेस, मागून मखमल वस्तरा वर धरून धावतोय, त्याच्यामागे हवालदार, त्याच्यामागे पेपर हातात धरून नंबरवाले. बघणाऱ्याला वाटावं की साहेबांनी कुणाचं तरी मोठं नुकसान केलंय.

"थांबव," साहेब ओरडले.

"थांबायला बंदी आहे, साहेब," मखमल मागून म्हणाला, आणि मग त्याला ब्रेक आठवला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण खालून, त्याच फुटपाथवरून, मावशी वर येत होत्या.

मावशींनी पाहिलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रक. त्यांनी आपला ब्रेक खटकन लावला, छत्री उलटी धरली आणि खुर्ची अंगावर येताच छत्रीची मूठ त्या खुर्चीच्या दांड्यात अडकवून असा झटका दिला की साहेब गरकन फिरले, झाडाला अर्धा वळसा घातला आणि झाड आणि भिंत यांच्या मधल्या मोकळ्या जागेत अलगद जाऊन टेकले. फेस तेवढा भिंतीला लागला.

सगळे धापा टाकत जमले. मखमलला आधी सासूबाईंचे पाय धरावेत की साहेबांचे, ते कळेना. मावशींनी ब्रेक सोडला आणि सावकाश पुढे निघाल्या. झाडापुढची वाट मोकळी होती. त्या आरामात गेल्या, वळून परत आल्या, पुन्हा गेल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, माझी जागा एवढीच होती. तुमची ती मागे आहे, केव्हापासून सांगतेय."

"आई, तिथून रस्ता दिसत नाही हो."

"आरसा कशाला आहे मग? माणसांची थोबाडं बघायला? थोडा तिरका लावा."

मखमलने झाडाच्या फांदीला आरसा तिरका टांगला. त्यात उतार दिसला, चौक दिसला, नवी चप्पल घालून चाललेला पोस्टमन दिसला. मखमलची जीभ आपोआप सुरू झाली आणि हात वस्तऱ्याकडे गेला.

तेवढ्यात हवालदाराने घसा खाकरला. तो नियमाचा पक्का माणूस. म्हणाला, "साहेब, उठावं लागेल. इथे एका जागी थांबता येत नाही."

साहेबांनी आरशात पाहिलं. एक गाल लोण्यासारखा, दुसरा काटेरी. बैठकीची वेळ होत आली होती. त्यांनी समोरून येणाऱ्या जाणाऱ्या मावशींकडे पाहिलं.

"ह्या बाई जाऊ शकतात, म्हणजे वाट अडलेली नाही," ते म्हणाले. "आणि वाट अडलेली नाही, म्हणजे थांबायला हरकत नाही. घे रे दुसरा गाल."

पुढे हाच नियम झाला. शहरात कुणालाही फुटपाथवर काही मांडायचं असलं की नगरपालिका मावशींना बोलावते. मावशी खुर्ची रेटत जातात. कोपर कुठे घासलं नाही की परवानगी. घासलं तर भजीवाला असो की बँक, मागे सरका. लोक सांगतात की नव्या नकाशांवर फुटपाथाची रुंदी लिहीतच नाहीत, नुसतं लिहितात, एक मावशी. रुंद रस्ता असेल तर दोन.

हवालदाराचं पोट मात्र पुन्हा सुटायला लागलं. त्याची बायको मखमलकडे आली होती, चाकं परत लावता का विचारायला. मखमलने आरशातून रस्त्याकडे बघत सांगितलं, आईंना विचारून बघतो, उद्या.