उपाशी पान

“नळ्यांची अदलाबदल झालीये. वय झालं की होतं असं,” सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि ते ताईंच्या जिव्हारी लागलं.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. एकतीस वर्षं ताई या प्रयोगशाळेत पानं कुटून त्यांतला डीएनए काढत होत्या, पण त्यांच्या कामावर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नव्हती. या खेपेचं काम होतं किडे खाणाऱ्या झाडांची भावकी लावण्याचं. डीएनएची अक्षरं ताडून कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, ते ठरवायचं. त्यातलं एक चिकट पानांचं झाड सरांनी तरुणपणी दवबिंदू नावाच्या झाडाची सख्खी बहीण म्हणून पुस्तकात छापलं होतं. रूप अगदी तेच होतं. अहवाल मात्र म्हणत होता, दोघींचं नातं ओढूनताणूनही लागत नाही. सरांच्या नाकावर माशी बसायची नाही, तेव्हा चूक ताईंचीच ठरली.

ताईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या सरांना काचघरात घेऊन गेल्या आणि या वेळी पान तुम्ही तोडा, नळीवर सहीही तुम्हीच करा, असं त्यांनी सांगितलं. सरांनी हाताशी आलेलं मोठं पान धरलं.

“ते नको, सर. त्याला चिलट चिकटलंय, त्याचाही डीएनए येईल. न उघडलेलं घ्या. उपाशी पान.”

सरांनी एक कोवळी गुंडाळी कापली. ती कुटली जाईपर्यंत ते ताईंच्या खांद्याशी उभे होते. बघू देत, ताईंना वाटलं, माझा हात काही कापत नाही.

आठवड्याने अहवाल आला. अक्षर न् अक्षर तेच होतं. त्या झाडाने आपला चिकटपणा स्वतःच्या हिमतीवर कमावला होता. बहिणी म्हणून मिरवलेल्या त्या दोघी नुसत्या शेजारणी निघाल्या.

ताई तेव्हा आतल्या खोलीत पुढचं पान कुटत होत्या. सर दारात आले. मागे सगळी मंडळी होती, सरांनीच बोलावून आणलेली.

“ताई, नळ्या बरोबर होत्या. चुकलो मी, तेही पंचवीस वर्षं.”

ताईंचे डोळे भरून आले. पण खलातलं पान गोठवलेलं होतं आणि ते वितळायच्या आत त्याची पूड व्हायला हवी होती.

“एक मिनिट, सर,” मान वर न करता त्या म्हणाल्या.

सर दाराला हात लावून उभे राहिले, आणि मागची मंडळीही थांबली.