पितळी नळीचं पथ्य

पिकअप स्टँडवर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. पन्नासेक ड्रायव्हर एका जुन्या गाडीभोवती कोंडाळं करून उभे होते आणि मधोमध, बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून डिझेलबाबा उभा होता. हे नाव त्याला आम्हीच दिलं होतं. तो स्वतःला ‘ऊर्जासाधक’ म्हणवून घ्यायचा.

“जुनं इंजिन इतकं डिझेल का पितं?” त्याने विचारलं. “कारण डिझेलचे कण आपसांत भांडतात! माझी नळी त्यांना ओळीत बसवते. ओळीत बसलेला कण दुप्पट जळतो!”

शाळेत ओळीत बसून आमच्यापैकी कुणी दुप्पट शिकलं नव्हतं, पण हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर मेकॅनिक. स्टँडसमोर तीस वर्षं माझं गॅरेज आहे. गाडीचं काहीही निघालं की लोक शेवटी माझ्या तोंडाकडे बघतात.

नळी म्हणजे वीतभर पितळेचा तुकडा, दोन्ही तोंडं बंद. डिझेलच्या पाइपला बाहेरून बांधायची. सोबत पथ्य होतं आणि ते मोडलं की नळी रुसते म्हणे. चाकांत दर दोन दिवसांनी हवा भरा. एअर फिल्टर रोज झटका. मागे साठवलेल्या फळ्या, जुने टायर खाली काढा, नळीला ‘शिळं ओझं’ सोसत नाही. पन्नासच्या वर पळवू नका. गाडी उभी तर इंजिन बंद. आणि ब्रेक शक्यतो लावूच नका, लांबून बघून आधीच पाय काढा, कारण ब्रेकने कण दचकतात.

मी हसलो होतो, खरं सांगतो. नळी घेतली ती बाबाला उघडा पाडायलाच. माझी वीस वर्षांची पिकअप लिटरला नऊ किलोमीटर देत होती. टाकी काठोकाठ भरली, पथ्य पाळलं, आठवड्याने पुन्हा भरून बघितली. तेरा! पुढच्या आठवड्यातही तेराच. आकडा खोटा नव्हता, म्हणून मी नळीलाही खरी मानलं आणि स्टँडवर छाती पुढे काढून सांगितलं, “मी स्वतः मोजलंय.” बाबाच्या भाषणापेक्षा माझ्या त्या तीन शब्दांवर जास्त नळ्या खपल्या.

त्यातली एक दूधवाल्याने घेतली. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या पिकअपचे ब्रेकचे लायनर घासून संपत आले होते, ते बदलायलाच तो माझ्याकडे आला होता.

“दोन्ही एकदम जमणार नाही रे,” तो म्हणाला. “आधी काय करू? नळी की ब्रेक?”

“नळी घे,” मी म्हणालो. “पथ्यात ब्रेक लागतोच किती? लायनर महिनाभर निघतील.”

हे मी बोललो. बाबा नाही, मी.

माझी थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी ती घरी आली, तेव्हा मी तिला नळीचं कौतुक ऐकवलं. तिने पथ्याचा एकेक नियम विचारून घेतला.

“अरे, हवा भरलेली, फिल्टर साफ, गाडी हलकी, वेग कमी. मग नळीने काय केलं?”

“तेरा दिले ना, ताई!”

“सात गोष्टी एकदम बदलल्यास आणि श्रेय एकीला दिलंस. नळी काढून, नुसतं पथ्य पाळून बघितलंस?”

बघितलं नव्हतं. गाडीतला बिघाड शोधताना मी एका वेळी एकच पार्ट बदलतो, हे माझं सगळ्यांना सांगणं. नेमकं तेच मी विसरलो होतो.

ताईने एका फडक्यात नळी आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा पाण्याच्या पाइपचा तुकडा शिवून टाकला. कशात काय आहे, ते मला सांगितलं नाही. सोमवारी एक बांधून गेलो, मंगळवारी दुसरं. पथ्य दोन्ही दिवस पाळलं. रस्ता तोच, पंप तोच, माल तेवढाच. दोन्ही दिवस तेरा! बुधवारी खरी नळी बांधली, पण हवा कमी ठेवली, जुना तुंबलेला फिल्टर बसवला, फळ्या परत चढवल्या आणि रोजच्यासारखी गाडी पिदडली. नऊ. संध्याकाळी नळी करवतीने कापली. आत वाळू आणि लोहचुंबकाचे दोन तुकडे.

“आत्ताच स्टँडवर जा आणि सांग,” ताई म्हणाली.

“उद्या सांगतो.”

गुरुवारी सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? तीस वर्षांची पत होती माझी.

शनिवारी सकाळी उतारावर दूधवाल्याचा ब्रेक लागलाच नाही. समोर एक बाई सायकलवरून चालली होती. तिला वाचवायला त्याने गाडी भिंतीवर घातली. ती वाचली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

मी धावत स्टँडवर पोचलो, तेव्हा बाबा लोकांना सांगत होता, “त्याने पथ्य मोडलं! घाबरून ब्रेक दाबला, कण दचकले!”

“कण नाही, लायनर संपले होते,” मी ओरडलो, “आणि ते मला माहीत होतं!” कापलेल्या नळीतली वाळू मी त्याच्यासमोर बॉनेटवर ओतली आणि सगळं सांगितलं, ताईची फडकी, तेरा आणि नऊ, सगळं. “डिझेल वाचतंय ते हवेमुळे, साफ फिल्टरमुळे, हलक्या गाडीमुळे आणि तुमच्या पायामुळे. हेच मी तीस वर्षं सांगतोय, तुम्ही ऐकलं नाहीत, आणि नळी आल्यावर मीही विसरलो. कुणी म्हणालं ‘मी मोजलंय’, तर विचारा, काय काढून मोजलंस? मी असलो तरी विचारा. चमत्काराला भुलू नका, एकेक गोष्ट काढून बघा.”

बाबा गर्दीतून कधी सटकला, कळलं नाही. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला मान वर करवत नव्हती.

दुपारी दवाखान्यात गेलो. दूधवाल्याच्या पायाला वजन टांगलं होतं. त्यालाही सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

“तुला कळलं कधी?” त्याने विचारलं.

“बुधवारी.”



“शुक्रवारी मी तुझ्या गॅरेजात चहा प्यायलो,” तो म्हणाला. “अर्धा तास बसलो होतो.”