काचेवरची वाकळ

"आवं, झाकण लावा आधी! हात काढा… हात काढा म्हणतोय न्हवं मी!"

सिद्धू परसदारातूनच ओरडला आणि हातातली वायर तिथंच टाकून आत धावला. पेटी सुरू करून अजून चहा निवायला लागतो तेवढाही वेळ झाला नव्हता. तो मागं मीटरपाशी जोडणी बघत होता, तेवढ्यात इकडं मनुबाईनं पेटीचं काचेचं झाकण उचललं होतं. एका हातानं झाकण तोलून दुसऱ्या हातानं ती आत एक वाकळ सारत होती. जुन्या लुगड्यांची, दाट टाक्यांची, धुऊन धुऊन रंग उडालेली.

"थंडी सोसत न्हाई त्यास्नी," ती सिद्धूकडं न बघताच म्हणाली. "पायावर तरी असू दे."

सिद्धूनं वाकळ बाहेर ओढली. ओढली म्हणजे हिसकलीच. झाकण धाडकन बसलं. सोप्यात भिंतीला टेकून बसलेल्या बायका माना वर करून बघू लागल्या. मनुबाई रिकाम्या हातांकडं बघत राहिली. मग खाली बसून तिनं जमिनीवर पडलेली ती वाकळ मांडीवर घेतली आणि तिच्या टाक्यांवरून अंगठा फिरवू लागली.

आपण चुकलो, हे सिद्धूला कळलं. पण त्याला थांबायला फुरसत नव्हती. वायर पुन्हा उचलून तो मीटरकडं गेला.

पेटीत कोंडीबा होते, मनुबाईचे मालक. शिराळ्याजवळच्या या गावात जन्म काढलेला माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गुऱ्हाळावर जाळ घालण्याचं काम केलं. कढईखालच्या चुलवाणात पाचट सारत, धगीसमोर उकिडवं बसून. गुऱ्हाळं कमी झाली, वय झालं, तसं त्यांच्या अंगातलं सगळं विझल्यासारखं झालं. वैशाखातही पहाटे पांघरूण लागायचं. आज पहाटेच ते गेले. एकुलता एक मुलगा यशराज फौजेत, पार वर बर्फातल्या चौकीवर. त्याला सुट्टी मिळाली होती, पण तिथून विमान सकाळीच सुटतं. उद्या दुपारपर्यंत तो पोचणार होता. बाहेर उन्हानं डांबर पाघळत होतं. म्हणून कोंडीबांचे धाकटे भाऊ आप्पासो यांनी सांगलीला फोन केला आणि तिथल्या एका मंडळाची विजेवर गार राहणारी शवपेटी टेम्पोत घालून सिद्धू दुपारच्या आत येऊन पोचला.

सिद्धूचा धंदा फ्रिज-एसी दुरुस्तीचा. आधी तो साताऱ्याला एमआयडीसीत एका आइस्क्रीमच्या कारखान्यात शीतगृह सांभाळायचा. तो कारखाना बंद पडला, तसा तो सांगलीला परतला. मंडळानं पेटी घेतल्यावर ती चालवायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. ते त्याला कधी अंगवळणी पडलंच नाही. त्याची बायको दीपमाला म्हणायची, "ह्यो माणूस जेवतानासुदिक एका मांडीवर बसत न्हाई." मृताच्या घरी तर त्याची तगमग दुप्पट व्हायची. मोटारीला हात लावून बघ, पंख्याचा आवाज ऐक, मीटरवरचा दिवा बघ, पुन्हा मोटारीला हात लाव. यंत्र बिघडलं तर ते बोंबलून सांगत नाही, आणि इथं बिघडलेलं दुरुस्त करून उपयोग नसतो, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत असायचं.

"बस की रं गड्या जरा," आप्पासो म्हणाले. "तू असा येरझाऱ्या घालतोस, बघून आमालाच घाबरं हुतंय."

"बसतो, बसतो," म्हणत सिद्धू पुन्हा पेटीमागं वाकला.

माणसं येत होती. पेटीभोवती दाटी करून, वाकून तोंड बघत होती. थोड्या वेळानं काच धुरकट झाली, मग तिच्यावर थेंब धरले आणि एकेक ओघळू लागले. मनुबाई दचकून उठली.

"घाम आलाय त्यास्नी! बघा की, घाम आलाय!"

बायकांत कुजबुज सुरू झाली. सिद्धूनं खांद्यावरचा पंचा घेऊन काच वरून पुसली आणि ओला पंचा तिच्यापुढं धरला.

"आतलं न्हाई मावशी, ह्ये भाईरचं पाणी हाय. काच गार पडलीया. एवढी माणसं दाटल्यात, समद्यांच्या श्वासात पाणी असतंय. ते गार काचंवर येऊन बसतंय. तांब्यात गार पाणी भरलं का भाईरनं कसा पाझरल्यावानी दिसतो, तसं."

"म्हंजी आमच्याच श्वासाचं?"

"व्हय. तुमच्या-आमच्याच."

मनुबाईनं पंच्याला बोट लावून बघितलं आणि ती पुन्हा जागेवर जाऊन बसली. वाकळ तिनं मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

ऊन चढत गेलं. सोप्यावर पत्रा होता. तो आता इतका तापला होता की खाली उभं राहिलं तरी टाळूला धग लागायची. आणि नेमकं तेव्हाच पेटीमागचा पंखा फिरायचा मंद झाला, मोटारीनं एक गचका दिला आणि सगळं बंद पडलं.

"डीपी उडाला!" बाहेरून कोणीतरी ओरडलं.

सिद्धूनं आप्पासोंना वायरमनकडं पिटाळलं. जनरेटर कुठं आहे विचारलं, तर तो शेजारच्या गावात लग्नाला गेलेला. मंडळाकडचा इन्व्हर्टर पंधरवड्यापासून नादुरुस्त. त्यानं झाकणाच्या कडेचं रबर बोटांनी चाचपून बघितलं, पेटीच्या बाजूंना तळवे लावून बघितले. बाजू जाड होत्या, आत फोम भरलेला. त्यांची काळजी नव्हती. काळजी होती ती वरच्या काचेची. तापलेला पत्रा वरून त्या काचेवर आग ओकत होता आणि काच काही अडवत नव्हती.

साताऱ्याच्या कारखान्यात गोपाळकृष्ण साहेब नव्या माणसांना पहिल्या दिवशी शीतगृहाच्या दाराशी उभं करून शिकवायचे, "थंडी म्हणून काही वस्तू नसते रे बाबांनो. वस्तू एकच, उष्णता. जिथं जास्त आहे तिथून जिथं कमी आहे तिथं ती निघालेलीच असते. आपण काय करतो? कुठं तिला वाट करून देतो, कुठं तिची वाट अडवतो. एवढीच आपली नोकरी." पोरं हसायची. सिद्धूही हसला होता.

आता तिची वाट अडवायची होती. कशानं? त्यानं घरभर नजर फिरवली. पोतं? ताडपत्री? त्याची नजर मनुबाईच्या मांडीवर येऊन थांबली.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. कसं मागावं ते त्याला सुचेना.

"मावशी, ती वाकळ देता का?"

"मगाशी हिसकलीस की."

"चुकलं माझं. हिसकायला नगं हुती." त्यानं खालचा ओठ चावला. "पर आत घालायची न्हाई ती. वरनं घालायची, काचंवर."

"आत घातली तर गरम हुत्याल म्हणून हिसकलीस न्हवं? आन् आता वरनं घालायची म्हणतोस. मला येडी समजतोस व्हय रं?"

"न्हाई मावशी. ऐका. वाकळ कुणाला गरम करत न्हाई. तिच्यात कुठं जाळ हाय? ती नुसती अडवती. माणसाच्या अंगातली ऊब भाईर जाऊ देत न्हाई. आत घातली आस्ती तर मालकांच्या अंगातली ऊब तिथंच कोंडली आस्ती, गार पडायला येळ लागला आस्ता. आता मालक गार झाल्यात. आता वरनं घातली तर ह्या पत्र्याची धग ती आत शिरू देणार न्हाई. तीच वाकळ, तिचं तेच काम."

मनुबाईनं वाकळेचं टोक मुठीत धरलं.

"म्हंजी मी घातलीया ती ऱ्हाईल? काढायला लावणार न्हाईस?"

"पोरगा येईस्तवर हात लावणार न्हाई कोण."

ती उठली. सिद्धू मदतीला पुढं झाला तेव्हा तिनं त्याला हातानंच मागं सारलं. तिनं वाकळ झटकली, पेटीवर पसरली, पायाकडची बाजू दुमडून नीट खोचली, डोक्याकडं थोडी वर ओढली. झोपलेल्या माणसावर घालतात तशीच. मग एका कडेला सुरकुती राहिली होती ती तिनं तळव्यानं सारखी केली.

वीज यायचं नाव घेईना. वाळवा, इस्लामपूर इकडून पै-पाहुणे यायला लागले. आलेला प्रत्येक जण वाकळेचं टोक उचलायला हात घालायचा आणि सिद्धू त्याला आडवा जायचा. परत आलेले आप्पासो शेवटी चिडले.

"आरं, माणसं लांबनं आल्यात! तोंड बगू नगं म्हणतोस? कोण तू? आमच्या घरात तुझी सत्ता हाय का?"

"सत्ता कसली आप्पा? वाकळ एकदा उचलली तर काय न्हाई. पर एक उचलतो, मग धा जण उचलत्यात. उद्या यशराज आल्यावर त्येला काय दावू?"

"त्ये आमचं आमी बगू. हो बाजूला!"

आप्पासोंनी त्याच्या दंडाला धरलं. सिद्धू हलला नाही. बाहेरची माणसं उठून दारात जमली. तेवढ्यात मनुबाई बोलली. आवाज मोठा नव्हता.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या. कुणी वाकळ उचलायची न्हाई. झोपल्यात त्ये."

आप्पासोंचा हात गळून पडला. त्यानंतर आलेला प्रत्येक जण वाकळेवरच डोकं टेकवून बाहेर गेला.

दिवस मावळायच्या सुमारास वीज आली. पण दाब इतका कमी की मोटार नुसतीच घुमायची, सुरू व्हायची नाही. सिद्धूनं घरातले दिवे-पंखे बंद करायला लावले, मग शेजारपाजाऱ्यांकडं जाऊन हात जोडले. आळीतली विहिरीवरची मोटार बंद झाली तेव्हा कुठं पेटी पुन्हा गुरगुरू लागली. त्यानं लगेच मोटारीला हात लावून बघितला. त्या रात्री तो झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर गाडी आली. यशराज उतरला. वरच्या हवेनं त्याचे ओठ फुटले होते, गालांची कातडी सोलली होती. अंगातला जाड स्वेटर काढायचंही त्याला भान नव्हतं. आईला मिठी मारून तो तसाच पेटीपाशी आला आणि वाकळ बघून थबकला.

"आये, आण्णांवर ही…?"

"मी घातलीया. काढ तू."

त्यानं वाकळ उचलली. खालच्या अंगानं ती दमट झाली होती. मोकळी झालेली काच बघता बघता धुरकटली. सिद्धू पंचा घेऊन पुढं येणार, तोच यशराजनं स्वतःच स्वेटरच्या बाहीनं ती पुसली.

कोंडीबांचा चेहरा दिसला. कालच्यासारखाच. कपाळावरचा बुक्कासुद्धा विस्कटला नव्हता. सिद्धूनं पंचा परत खांद्यावर टाकला.

"उघडू का?" यशराजनं विचारलं.

"आता उघडा."

यशराजनं झाकण वर केलं आणि वडिलांच्या गालाला हात लावला. हात क्षणभर मागं आला, मग त्यानं तो पुन्हा तिथंच ठेवला.

"बर्फातनं मी आलोय," तो हळूच म्हणाला, "आन् गार आण्णा पडल्यात."

त्यानंतर तो लहान पोरासारखा रडला. कुणी त्याला आवरलं नाही.

बाहेर अंघोळ घातली, तिरडी बांधली. यशराजनं विस्तवाचं मडकं उचललं आणि माणसं ओढ्याकडं निघाली. बायका कोपऱ्यापर्यंत जाऊन परतल्या आणि ओट्यावर बसल्या. टेम्पोवाला घाई करत होता. सांगलीहून पेटीसाठी दुसऱ्या घरचा फोन येऊन गेला होता. सिद्धूनं जास्तीची वायर गुंडाळली आणि तो पेटी बंद करायला आत आला.

आत मनुबाई एकटीच होती. पेटीच्या मागच्या अंगाला, जिथं जाळी होती तिथं, जमिनीवर बसलेली. जाळीसमोर तिनं तळवा धरला होता.

"ह्यातनं गरम वारं येतंय रं," ती म्हणाली. "पेटी तर गार. मग ह्ये कुठनं?"

"यंत्र आतली ऊब वढून भाईर टाकतंय, मावशी. ऊब नाहीशी करता येत न्हाई. हितनं काढायची, तिथं सोडायची."

"म्हंजी कालधरनं ह्यांची ऊब हितनं भाईर येत हुती?"

"व्हय."

"ह्याच खोलीत?"

"ह्याच."

तिनं दुसराही हात जाळीसमोर धरला. बांगड्या अजून हातातच होत्या. वाऱ्यानं तिच्या पदराचं टोक हळूहळू हलत होतं.

सिद्धूचं बोट बटणावर होतं. पेटी आता रिकामी होती, झाकण अर्धवट उघडं. जाळीतून येत होती ती या खोलीचीच, पत्र्याची, बाहेरच्या उन्हाची ऊब. यंत्र ती आत घेऊन परत बाहेर टाकत होतं. हे त्याला माहीत होतं. टेम्पोवाल्यानं बाहेरून हाक मारली. बटणावरचं बोट काढून सिद्धू हळूच उंबऱ्यावर टेकला आणि पेटी तशीच चालू राहू दिली.