समोरचा दात

दवाखान्याच्या पायऱ्या तिघी बहिणींतल्या मधलीला आता पाठ झाल्या होत्या. अठरा, वळण, अठरा. शाळा बुडवून सहा दिवस ती बाबांची फाईल घेऊन खाली-वर करत होती. तळमजल्यावरचे किरणोपचारवाले म्हणत, वर गोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. वरचे म्हणत, आधी खाली विचारा. शेवटी सहाव्या दिवशी तिने दोघांनाही एका टेबलाशी आणून बसवलं आणि तिला वाटलं, जिंकले.

बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. दोन उपचार जोडीने द्यायचे ठरले. दर चार आठवड्यांनी शिरेतून किरणोत्सारी इंजेक्शन, जे थेट हाडांतल्या गाठींपाशी जाऊन बसतं, आणि रोजच्या गोळ्या. पण या जोडीने हाडं ठिसूळ होतात, म्हणून त्याआधी हाडं बळकट करायचं औषध. ते चालू असताना दात काढायची वेळ आली तर जबड्याची जखम भरता भरत नाही, म्हणून त्याच्याही आधी दातांचे डॉक्टर. म्हणजे आणखी एक जिना.

बाबा शिंपी. दुकानात सात कात्र्या, पण दोरा तोडायचा तो दातानेच, तीस वर्षं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आत आरसा घातला आणि मान हलवली. समोरचा दात मुळापर्यंत चिरला होता. तो काढायचा, जखम भरायला तीन-चार आठवडे, मग पुढचं सगळं.

"नाही काढणार," म्हणून बाबा उठले आणि भिंतीला धरत धरत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मधलीच्या डोक्यात तिडीक गेली. सात कात्र्या काय शोभेला ठेवल्यात, असं तिने विचारलं. आई असती तर डोळ्यांनीच दटावलं असतं. कात्रीने तोडलं की टोक पिंजतं, असं बाबांचं म्हणणं. दातानेही पिंजतं, ती म्हणाली, सुया तर मीच ओवते. बाबा क्षणभर हसले. मग घरात आजवर कोणी न विचारलेलं त्यांनी विचारलं.

"या सगळ्याने मी बरा होणार आहे का?"

खोटं बोलावंसं वाटलं तिला. जिभेवर आलंही होतं. "नाही."

"मग दात कशाला घालवू? जायचंच तर बत्तीशी घेऊन जाईन."

"दोन महिने तुम्ही मशीनवर बसला नाहीत, बाबा. कंबर दहा मिनिटंही साथ देत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखणं उतरेल, कदाचित. मला ते कदाचितच हवंय. त्याच्यासाठीच जिने चढतेय मी, आणि तुम्ही एका दातावर अडून बसलाय."

तिचा आवाज चिरकला, त्याचाही तिला राग आला. बाबा तिच्या खांद्यावर भार टाकून उठले.

आत डॉक्टरीणबाई कोट काढून पर्स शोधत होत्या. आजची वेळ संपली, गुरुवारी या, त्या म्हणाल्या. मधलीने कपाळावर हात मारला.

"बाई," बाबा शांतपणे म्हणाले, "आज हिंमत आहे. गुरुवारची खात्री मी देत नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. रक्ताचा रिपोर्ट कधीचा, असं विचारलं. कालचा, मधली म्हणाली. त्यांनी सुस्कारा सोडला आणि कोट पुन्हा चढवला.