पतासीचा नवकार

आमची मांजरी पतासी नवकार मंत्र म्हणते, ही बातमी अख्ख्या पालडीत कशी पसरली ते मला विचारू नका, माझ्या नवऱ्याला, कीर्तींना विचारा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर जाळीला चिकटून कबुतरं बसायची. पतासी आत ओट्यावर दबा धरून बसायची आणि तिचा खालचा जबडा थरथर हलायचा. घशातून बारीक आवाज यायचा, कच् कच् कच्. कीर्तींनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला खाखरा बशीत ठेवून चक्क हात जोडले.

"रंजन, बघ, बघ! पुटपुटतेय. नवकार चाललाय तिचा."

"अहो, कबुतराला बघून तोंडाला पाणी सुटलंय तिच्या," मी म्हटलं.

"तुला ना, कशातच चांगलं दिसत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याची फिल्म, आणि रविवारी दारात चपलांचा ढीग.

पतासी आम्हाला सापडली ती खालच्या वीजमीटरच्या कपाटात. मुठीएवढी, पांढरीशुभ्र, बत्ताशासारखी, म्हणून पतासी. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलेली, घर गप्प झालेलं. कीर्तींना बँकेतून निवृत्त झाल्यापासून हार्मोनियमखेरीज उद्योग नव्हता, आणि तीच ती चार स्तवनं ऐकून माझे कान किटले होते. तेव्हा मांजरी घरात आली याचा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला. सासूबाई, म्हणजे आमच्या बा, सामायिकाच्या ध्यानाला डोळे मिटून बसल्या की पतासी त्यांच्या मांडीवर जाऊन झोपायची. बा हलायच्या नाहीत. "जीव आहे," म्हणायच्या, "त्यालाही स्थिर बसावंसं वाटतं."

खाणं आमचंच. दूध, तुपात कुस्करलेली रोटली, मुगाचं पाणी, कधी गांठिया. सूर्य मावळला की आमच्या घरात सगळ्यांचं तोंड बंद, तसं तिचंही. ताटली उचलून ठेवायची. त्याचंही कौतुक झालं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हेमंतभाई नातवंडांना घेऊन यायचे आणि सांगायचे, "बघा रे, मांजर असून चौविहार पाळते. तुम्ही रात्री चॉकलेटं मागता, लाज वाटू द्या!" मागच्या जन्मी ही नक्की मोठी श्राविका असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"हाडं लागतात हो तिची हाताला," मी म्हणायची.

"तपस्विनी आहे," उत्तर ठरलेलं.

त्या उन्हाळ्यात पतासीची एक उडी चुकली. हार्मोनियमच्या झाकणावर ती रोज बसायची, जमिनीवरून एका उडीत. त्या दिवशी कडेला आपटून खाली पडली. कीर्ती हसले, म्हणाले, "म्हातारी झाली!" तीन वर्षांची मांजरी म्हातारी. मग ती भिंतीला मिशा घासत चालायला लागली. तिचे डोळे भर दुपारीही काळेभोर, नुसत्या बाहुल्याच. मी चेंडू घरंगळवला की आवाजाकडे वळायची, पण चेंडू पायाशी असूनही दुसरीकडेच पंजा मारायची.

आणि एका सकाळी कबुतरं जाळीवर येऊन बसली, घुमायला लागली, आणि पतासी फ्रिजकडे तोंड करून बसून राहिली. जबडा हलला नाही.

"अहो, नवकार बंद झाला तिचा."

कीर्तींनी तिच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मौन घेतलं असेल."

मी भाजीची पिशवी रिकामी केली, पतासीला त्यात घातलं आणि रिक्षा थांबवली. कीर्ती मागून चपला घालत घालत आले.

जनावरांची डॉक्टर मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. तिने पतासीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "खायला काय देता?"

कीर्तींचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा. दूध, रोटली, चौविहार, सगळं साग्रसंगीत सांगितलं. फोनही काढला, फिल्म दाखवायला.

"काका, फोन आत ठेवा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मला तो लागला. "ही मांजर आहे. मांजराला जे सत्त्व लागतं ते मांसातून मिळतं, तिच्या अंगात ते पुरेसं तयार होत नाही. नाही मिळालं की आधी डोळ्यांचा पडदा मरतो, मग हृदय. हिचे डोळे जवळजवळ गेले, ते परत यायचे नाहीत. हृदय अजून वाचेल."

"गोळी नाही का त्याची? शाकाहारी?" कीर्तींनी विचारलं.

"गोळी आहे, ती देतेच आहे. पण ही सगळ्याच बाजूंनी उपाशी आहे काका. नुसत्या गोळीवर मी हिचा भरवसा देणार नाही. माशाचं तयार अन्न येतं डब्यात, ते आजपासून सुरू करा."

परतताना रिक्षात कीर्ती गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून वाचत राहिले. घरी आल्यावर बोलले. "गोळी सुरू करू. आणि दुधात बदाम वाटून घालू."

"बदाम?"

"मग काय करू, रंजन? घरात देरासर आहे, देव आहेत. बा आहेत. त्या ओट्यावर मासा आणू?"

बा झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "वहू, माझ्या जन्मात या उंबऱ्याच्या आत ते आलेलं नाही. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

"बा, तुम्ही शंभर वर्षं जगा. पण तिच्याकडे तेवढा वेळ नाही."

"पांजरापोळात देऊ," कीर्ती म्हणाले. "तिथे जिवाची काळजी घेतात."

"तिथे काय देतात खायला?"

तिथेही दूधच देतात, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"म्हणजे मरायचं तिने, पण आपल्या डोळ्यांआड मरायचं," मी म्हटलं. "पाणी गाळून पितो आपण. वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून धरतो. आणि हिला दूध पाजून पाजून आंधळी केली, ती अहिंसा का?"

"महाराजसाहेबांना विचारू. ते सांगतील ते."

"मी नाही विचारणार. विचारलं की उत्तर पाळावं लागतं, आणि मला ते पाळता येईल असं वाटत नाही. पाप लागायचं ते मला लागू दे."

हे मी रागाच्या भरात बोलले, पण नंतर शांतपणे विचार केला तरी तेच उरलं. मी काही पळवाट शोधली नाही. तो मासा कुणीतरी मारलेला होता, माझ्यासाठी मारलेला होता, आणि त्याचं माझ्या खात्यावर जमा होणार होतं. मी धर्म सोडला नव्हता. दोन जीव समोर होते आणि त्यातला एक माझ्या पदरी होता, एवढाच माझा हिशेब.

डबे आणायला मी आश्रम रोडपलीकडे गेले. दुकानदार काळ्या पिशवीत घालायला लागला, पालडीच्या बायका काळ्याच पिशवीत नेत असाव्यात. मी म्हटलं, "साध्या पिशवीत घाला, आरपार दिसेल अशा." तशीच सोसायटीच्या फाटकातून आत शिरले. डब्यावर हा एवढा मासा छापलेला. वॉचमन आधी माशाकडे, मग माझ्या कपाळावरच्या केशराच्या टिळ्याकडे बघत राहिला.

मागच्या गॅलरीत मी एक पाट मांडला, वेगळी ताटली, वेगळा चमचा. डबा उघडला आणि वास आला, तशी मला उलटी झाली. खरोखरची. तोंड धुतलं, पदर नाकाला बांधला आणि चमचा आत घातला. एवढ्यात मागे काहीतरी वाजलं. पतासी बाहेरच्या खोलीतून निघाली होती, भिंतीला न टेकता, खुर्चीला न धडकता, सरळ रेषेत. ताटलीत तोंड घातलं आणि असं खाल्लं की मला रडू आलं. खाताना ती गुरगुरत होती. तीन वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. मग मी डोक्यावरून अंघोळ केली.

घरात शीतयुद्ध सुरू झालं. बांनी स्वतःची शेगडी वेगळी मांडली. कीर्ती माझ्याशी कामापुरतंच बोलायचे आणि उरलेला राग हार्मोनियमवर काढायचे. पतासी मात्र कुणाच्याच बाजूची नव्हती. बा सामायिकाला बसल्या की वास काढत जायची आणि मांडीवर चढायला बघायची. बा गुडघे आवळून घ्यायच्या. ती पडायची, पुन्हा चढायची. आठवडाभर हा खेळ चालला. मग एका सकाळी बा डोळे न उघडता म्हणाल्या, "वहू, हिचं तोंड पुसलंस का?"

"ओल्या फडक्याने पुसलं बा, दोनदा."

"तिसऱ्यांदा पूस."

तिसऱ्यांदा पुसलं. गुडघे सैल झाले. शेगडी वेगळी ती वेगळीच राहिली.

मग हेमंतभाई आले. या वेळी नातवंडं आणली नव्हती आणि आत बसायलाही तयार नव्हते.

"रंजनबेन, नियम सगळ्यांना सारखे. फाटकावर पाटी आहे, मांसाहाराला बंदी."

"पाटी माणसांसाठी आहे. मी खात नाही, कीर्ती खात नाहीत. ज्या रहिवाशाने खाल्लं तिला वाचता येत नाही."

"थट्टा नका करू. लोक बोलतात. एकतर ते डबे बंद करा, नाहीतर मांजर बाहेर सोडा."

"सोडते की. तिला दिसत नाही, तेव्हा रोज रस्ता ओलांडून द्यायला तुम्ही याल?"

"आमच्यावर काय चिडता? आम्ही तर तिला देवासारखं मानत होतो!"

"तेच तर! देवासारखं मानलंत. ती बिचारी भुकेने जबडा वाजवत होती आणि तुम्ही सगळे हात जोडून उभे होतात. आता ती पोटभर खाते, तर तुम्हाला वास येतो."

कीर्ती आतल्या दारात उभे होते. माझी बाजू घेतली नाही. पण हेमंतभाईंचीही घेतली नाही, हे मी पाहून ठेवलं.

हे महिला मंडळातही पोचलं. मोठ्या देरासरात पर्युषणाची गहुली, म्हणजे तांदळाची रांगोळी, काढायची ती कितीतरी वर्षं मीच काढत आले. तो एक माझा छंद, तीच माझी कला. त्या वर्षी निरोप आला, रंजनबेनने त्या हातांनी काढू नये. त्या रात्री मी रडले, नाही कशाला म्हणू. सकाळी उठून मी आमच्या मजल्यावरच्या जिन्याच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडेल एवढी मोठी गहुली काढली. मधोमध पाय-मिशा-शेपूट असलेली मांजरी काढली. चित्रातलाही जीव तुडवायची हिंमत कुणाची झाली नाही. सगळे बाजूने, भिंतीला अंग घासत गेले. थोडे दिवस त्यांनीही पतासीसारखं चालून बघावं, म्हटलं.

डॉक्टरांनी पुन्हा छाती ऐकली. "सुधारतंय," म्हणाल्या. पतासीची हाडं हाताला लागेनाशी झाली. डोळे तसेच राहिले.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी आली. उपास, दुपारचं ते लांबलचक, माफी मागायचं प्रतिक्रमण, सगळं मी केलं. जीव गेलेल्या सगळ्या माशांची नाव न घेता माफी मागितली आणि उद्याही मागावी लागणार हे त्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या सकाळी पारण्याच्या वेळी दाराची घंटा वाजायला लागली. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागायची, लोक एकमेकांच्या दारी जातात. हेमंतभाईही आले. हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं." मी नमस्कार केला, मुगाची वाटी पुढे केली. तेच शब्द उलट म्हटले नाहीत. ते वाट बघून गेले.

दार लावलं तर कीर्ती माझ्यासमोर हात जोडून उभे. लग्न झाल्यापासून दर वर्षी हे असं उभं राहतात आणि त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत मीही तेच म्हणते.

"रंजन, मिच्छामि दुक्कडं."

मी हात जोडले नाहीत. "मला का? माझे डोळे शाबूत आहेत."

"म्हणजे?"

"तिला म्हणा."

"मांजराला?" ते हसायला गेले, पण जमलं नाही.

"काल तीन तास बसून चौऱ्याऐंशी लाख योनींची माफी मागितलीत ना? त्यातली एक तिथे फ्रिजपाशी बसलीय."

झोपाळ्याची करकर थांबली. बा बघत होत्या.

कीर्ती जागचे हलेनात. मीही हलले नाही. शेवटी ते गेले, आणि वाकले. गुडघे कटकट वाजले. पतासीने आवाज ऐकून तोंड वर केलं, पण ते भलतीकडेच. त्यांना सरकून तिच्या तोंडासमोर जावं लागलं. ते काहीतरी म्हणाले. शब्द मला ऐकू आला नाही, ओठ मात्र हलताना दिसले.

पतासीने एक पंजा उचलला. हवेत चाचपला, आणखी थोडा पुढे नेला. त्यांच्या नाकाला लागला. मग गालाला, मग हनुवटीला. नखं आत होती. कोण आहे हे कळेपर्यंत ती चाचपत राहिली आणि तोवर माझा नवरा श्वास धरून बसला. त्यांचे डोळे वाहायला लागले. पाणी तिच्या पंजावर पडलं, तिने पंजा मागे घेऊन चाटला. मीठ आवडतं तिला.

बऱ्याच वेळाने ते फ्रिजच्या दांडीला धरून उठले. नाक पुसलं.

"म्हटलं तिला. आता तू म्हण मला."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, वर्षातून एकदाच तर..."

"हो ना. तर पुढच्या वर्षी बघू. सरका आता, तिची खायची वेळ झाली."