भिंतीतून ओवलेली केबल

चार वाजता सासूबाईंचा पहिला ऑनलाइन शिवणवर्ग होता आणि शिलाई मशीनच्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हतं. मधली भिंत आमच्या सासऱ्यांसारखी, काही आत शिरू देत नाही. त्यांनी आधीच मुक्ताफळं उधळली होती, "पडद्यावरून कधी शिवण येतं का? कोण येणार तुझ्याकडे शिकायला?" तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

म्हणून तर हे गृहस्थ सकाळीच केबलचं भेंडोळं, प्लग आणि पक्कड घेऊन आले. माफी मागायला जीभ रेटत नाही त्यांची.

"तयार केबल मिळते, बाबा."

"तिचा प्लग भिंतीच्या भोकातून जायचा नाही. आधी केबल ओवायची, मग टोकांना प्लग बसवायचे."

हे मात्र मला पटलं.

ते राउटरपाशी, मी मशीनपाशी. केबलच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा. ते पलीकडून ओरडायचे, "डावीकडून घे! पांढरी-नारिंगी! नारिंगी! पांढरी-हिरवी!" मी तशाच प्लगमध्ये बसवल्या, पकडीने दाबल्या, लॅपटॉपला जोडलं. जोडणीचा दिवा लागेना. टोकं कापून पुन्हा सगळं केलं. दिवा ढिम्म.

"तू चुकलीस."

"तुम्ही चुकलात."

सासूबाई गळ्यात टेप अडकवून दारात उभ्या होत्या. "राहू दे गं. हे म्हणालेच होते." त्यांचा पडलेला चेहरा बघून मला भडभडून आलं, आणि रागही आला. मी तरातरा पलीकडे गेले आणि सासऱ्यांच्या हातातला प्लग पाहिला. त्यांनी प्लगची क्लिप वर धरली होती, मी खाली. त्यांचं डावं ते माझं उजवं!

मला वाटलं, आता भांडतील. पण त्यांनी मुकाट्याने स्वतःचंच टोक कापलं आणि तारा नव्याने लावल्या. हिरवा दिवा लागला तेव्हा मी चक्क उडी मारली.

चारला पडद्यावर चार बायका आल्या, शिवाय कॅमेरा बंद असलेला एक काळा चौकोन. सासूबाईंनी सुई कॅमेऱ्यासमोर धरली. "पहिल्यांदा सुईत दोरा ओवा," त्या म्हणाल्या, "आणि खाली गाठ मारा."

"अगं, जरा हळू!" काळ्या चौकोनातून आवाज आला, भिंतीपलीकडूनही आला. "माझा दोरा अजून जातच नाहीये!"

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग टेप सारखी करून म्हणाल्या, "मागच्या बाकावरच्यांनी आधी चष्मा लावावा."

पलीकडे चष्म्याची शोधाशोध सुरू झाली, आणि ती होईपर्यंत बाईंनी वर्ग थांबवून ठेवला.